पंच आणि आपण

२ फेब्रुवारी २०२५, रविवारची संध्याकाळ. माता रमाईंची जयंती पाच दिवसांवर आली होती. खालापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या विहारात वंदना झाली आणि जयंतीच्या तयारीची बैठक बसली. वर्गणी किती जमली, मंडप कोणाकडून आणायचा, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक कोण, असे नेहमीचेच विषय होते. महिला मंडळाने खिरीच्या तांदळाचा हिशेब सांगायला घेतला आणि तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोराच्या मोबाईलवर कुस्ती आली. बैठक तिथेच मोडली.

अहिल्यानगरला ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा चालू होती. गादी विभागाची निर्णायक कुस्ती. एका बाजूला याआधी दोनदा हा किताब जिंकलेले शिवराज राक्षे, दुसऱ्या बाजूला पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी मोहोळ यांना चितपटीवर विजयी केले. राक्षे यांचे म्हणणे असे, की आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नाहीत, चित्रण पुन्हा पाहा. ती मागणी मान्य झाली नाही. मग राक्षे यांचा तोल सुटला. त्यांनी पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनीही एका गुणावरून वाद घातला आणि वेळ संपायच्या आत मैदान सोडले. गदा मोहोळ यांच्या खांद्यावर गेली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवरही कुस्तीगीर संघाने तीन-तीन वर्षांची बंदी घातली.

महाराष्ट्रभर जे चालले होते तेच आमच्या विहाराच्या पायरीवर सुरू झाले. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, "लाथ मारली ते बरंच केलं. वर्षभर घाम गाळायचा आणि एकानं हात वर केला की सगळं संपलं, होय?" दुसरे म्हणाले, "पंचाला मारणारा पैलवान कसला?" पोरांनी चित्रण हळू करून पाहिले, थांबवून पाहिले, मोठे करून पाहिले. दहा वेळा पाहिले. पण गंमत अशी, की पहिल्यांदा पाहताना ज्याचे जे मत झाले होते ते दहाव्या वेळीही तसेच राहिले. ज्याची सासुरवाडी पुण्याकडची त्याला खांदा टेकलेला दिसे. ज्याला राक्षे आवडत त्याला खांद्याखालून उजेड दिसे. चित्रण एकच, पाहणारे वीस आणि निकाल दोन!

आम्हीही त्या वीस जणांत होतो आणि आमचेही मत पक्के होते. पण घरी परतताना जानेवारी २०२३ ची आठवण झाली. तेव्हा पुण्यात याच स्पर्धेत सिकंदर शेख आणि हेच महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली होती. गायकवाड यांनी बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर हरले. ते चार गुण द्यायला हवे होते की दोन, यावर महाराष्ट्र कितीतरी दिवस भांडला. पंचांना फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. सिकंदर हा मोहोळ तालुक्यातल्या हमालाचा मुलगा. म्हणून आपल्यासारख्या कष्टकरी घरांतली पुष्कळ माणसे त्याच्या बाजूची होती, आम्हीही होतो. पण नुसते नाव पाहून त्याची बाजू घेणारे होते, तसे नुसते नाव पाहून त्याच्या विरोधात जाणारेही होते. टांग लागली तेव्हा पाठ कोणत्या कोनात पडली, हे पाहणारे थोडेच. (सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला महाराष्ट्र केसरी जिंकून आपले उत्तर आखाड्यातच दिले.)

आता पाहा. २०२३ साली वादाचे चार गुण गायकवाड यांच्या पदरात पडले, तेव्हा पंच त्यांना बरोबर वाटले असतील. २०२५ साली वादाचा गुण विरोधात गेला, तेव्हा पंच चुकले. यात आम्ही गायकवाडांना नावे ठेवत नाही. हे आपल्या सगळ्यांचेच आहे. निकाल आपल्या बाजूचा लागला की पंच देवमाणूस, विरोधात लागला की पंच विकला गेलेला.

रमाई जयंतीच्या दिवशी हाच विषय पुन्हा निघाला. खीर वाढता वाढता महिला मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी म्हणाल्या, "तुम्ही कुस्तीच्या पंचाचं काय घेऊन बसलात? माझे सासरे सांगायचे, गावचे पंच ओट्यावर बसायचे आणि आपल्या माणसांना खाली उन्हात उभं करून निकाल ऐकवायचे. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणालात, तर दंड. धर्म बदललात, तर वाट बंद. तिथं कोण चित्रण दाखवणार होतं?"

सगळे गप्प झाले. आपल्या समाजाला पंच हा शब्द कुस्तीतून कळलेला नाही, गावकीतून कळलेला आहे. पंचांत परमेश्वर असतो असे ज्यांनी म्हटले त्यांना तो परमेश्वर ओट्यावर भेटला असेल, आपल्याला कधी भेटला नाही. म्हणून पंचाला लाथ बसली की आपल्यातल्या काहींना आतून बरे वाटते. ते बरे वाटणे खोटे नाही, त्याला पिढ्यांचे कारण आहे. पण त्या कारणावर उभे राहून लाथेला न्याय म्हणायचे का, हा खरा प्रश्न.

याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. मग पुन्हा सत्याग्रह करायचा म्हणून डिसेंबरात परिषद भरली. हजारो माणसे जमली, पायी आली, भाकऱ्या बांधून आली. आणि ऐन वेळी विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. तळे खाजगी आहे, असा त्यांचा दावा. हा निकाल अन्यायाचा होता, हे मंडपातल्या लहान पोरालाही कळत होते. माणसे तुरुंगात जायला तयार होती. ज्यांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, त्याच बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मात्र मोडला नाही. त्यांनी लोकांना समजावले, सत्याग्रह पुढे ढकलला आणि खटला लढवला. एक कोर्ट झाले, अपील झाले, वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली! पण तो निकाल असा लागला की पुन्हा कोणी तो फिरवू शकला नाही.

मनुस्मृती जाळणे आणि मनाई हुकूम पाळणे, या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच आठवड्यात का केल्या, याचा विचार आपल्या प्रत्येक घरात व्हायला हवा. मनुस्मृतीत दाद मागायला जागाच नव्हती. कोर्टात होती. जिथे दाद मागायची जागा आहे तिथे ती शेवटपर्यंत मागायची, हा बाबासाहेबांचा मार्ग.

आणि म्हणूनच अहिल्यानगरच्या प्रकरणात आमचे मत दोन्हीकडून आहे. लाथ चूकच. पण पुन्हा पाहा, एवढेच मागणाऱ्याला नाही म्हणणे, हेही चूकच. गादीवरच्या कुस्तीत चितपटीचा निकाल एकट्या पंचाने द्यायचा नसतो, दुसऱ्या अधिकाऱ्याचीही त्याला संमती लागते. गुणांविषयी शंका आली तर कोच चॅलेंज करतो, मग चित्रण पाहिले जाते, आणि चॅलेंज खोटे ठरले तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे दाद मागता येते, पण फुकटची नव्हे. ही किती शहाणपणाची रीत आहे! पंच माणूस आहे, तो चुकणार, हे धरूनच ती केलेली आहे. पुढे चौकशी झाली आणि त्या पंचांवरही निलंबनाची कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा आमचे खोपोलीचे काका म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो?" पण काका, लाथ मारली नसती तर राक्षे यांची तक्रार पहिल्या दिवसापासून लख्ख उभी राहिली असती. लाथेने ती झाकली गेली. दुसऱ्या दिवशी लोक खांद्याविषयी कमी आणि लाथेविषयी जास्त बोलत होते.

आमच्या वस्तीतल्या एका मुलाला बॉक्सिंगचे वेड आहे. तो म्हणाला, "कुस्तीत खांदा तरी दिसतो. आमच्यात तर ठोसे कोणाचे जास्त, हे बाहेर बसलेले परीक्षकच ठरवतात." त्याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकची लढत आम्हाला दाखवली. अमेरिकेचा रॉय जोन्स हा काळा मुलगा, वय १९. समोर यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. टीव्हीवाल्यांनी ठोसे मोजले, ते जोन्सचे ८६ आणि पार्कचे ३२. पाच परीक्षकांपैकी तिघांनी पार्कला विजयी केले. सगळे जग अवाक झाले. त्याच जोन्सला त्या ऑलिंपिकचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक दिला गेला, आणि सोने मात्र दुसऱ्याच्या गळ्यात! पुढच्या ऑलिंपिकपासून गुण मोजायला यंत्र आणले गेले.

आपल्या देशाची सरिता देवीही अशीच. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य लढत तिने जिंकली असे पाहणाऱ्या बहुतेकांना वाटले. निकाल कोरियाच्या मुलीच्या बाजूने गेला. सरिता रडत रडत पदक घ्यायला उभी राहिली आणि तिने आपले कांस्यपदक त्याच मुलीच्या गळ्यात घातले. तिने कोणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. तरीही तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. म्हणजे सभ्यपणे निषेध केला तरी किंमत मोजावी लागतेच, हेही आपण मुलांना खरे सांगितले पाहिजे.

पण आम्हाला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केले ते पार्कने. २०२३ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, तो अमेरिकेला रॉय जोन्सच्या घरी गेला आणि ते सोन्याचे पदक त्याच्या हातात ठेवले. हे तुझे आहे, असे सांगितले. पंचांनी दिलेला निकाल पंचांनी फिरवला नाही, कोर्टाने फिरवला नाही. ज्याला त्याचा फायदा झाला त्यानेच फिरवला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण आमच्याकडेही एक असे पदक आहे.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त आमच्या वस्तीने कबड्डीचे सामने ठेवले होते. रायगडात कबड्डी म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी जवळच्या वीटभट्टीवर कामाला आलेल्या कातकरी पोरांनी आपला संघ उतरवला. पायांत काही नाही, अंगात सारखे बनियनही नाहीत, पण खेळ असा की पाहत राहावे. ती पोरे अंतिम सामन्यात आली. समोर आमच्या वस्तीचा संघ आणि पंच आम्ही.

शेवटची चढाई. आमचा संघ दोन गुणांनी पुढे. त्यांचा चढाईपटू आत आला आणि आमच्या तिघांनी त्याला पकडले. तो पडला, सरपटला आणि दम चालू असताना त्याने हात लांबवला. बोटे मध्यरेषेला लागली. आम्ही दोन हातांवर उभे होतो. आम्ही पाहिले. तीन गडी बाद, सामना त्यांचा. पण शिट्टी फुंकून आम्ही तोच बाद असल्याची खूण केली.

तो पोरगा उठला. त्याने काही आरडाओरडा केला नाही. उजवा हात आमच्यासमोर धरला. बोटांच्या टोकांना रेषेची पांढरी फक्की लागलेली होती. आमचे लोक ओरडले, "फक्की काय, कुठलीही लागते!" आम्ही मान दुसरीकडे वळवली. ढाल आमच्या वस्तीने ठेवून घेतली. ती पोरे जयंतीचे जेवण न जेवता भट्टीकडे निघून गेली. ढाल आजही विहाराच्या कपाटात आहे.

सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांसाठीचे सुत्त. त्यात तथागतांनी सांगितले आहे, की माणूस चार कारणांनी चुकीच्या वाटेला जातो. पाली शब्द आहेत छंद, दोस, मोह आणि भय. म्हणजे आपल्या माणसाविषयीची आवड, दुसऱ्याविषयीचा द्वेष, अज्ञान आणि भीती. पंचाला तोलायला यापेक्षा चांगला तराजू आम्हाला माहीत नाही. त्या दिवशी आम्ही अज्ञानी नव्हतो, आम्ही रेषा पाहिली होती. त्या पोराविषयी द्वेषही नव्हता. पण वस्तीची आवड होती, आणि भीती होती. निकाल विरोधात दिला तर आपलीच पोरे काय म्हणतील, उद्या नळावर कोण बोलेल, ही भीती. आजींच्या सासऱ्यांना उन्हात उभे करणारे पंच आणि आम्ही, यांत त्या एका क्षणापुरता काही फरक उरला नव्हता. उलट आमचे पाप जास्त. ओटा काय असतो हे आम्हाला माहीत होते.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला आपल्या वाडीवर परततात. म्हणून आम्ही जूनपर्यंत थांबलो. विचारत विचारत कर्जत तालुक्यातली त्याची वाडी शोधली. तो पोरगा आता पन्नाशीला आला आहे, डोक्याचे केस गेले आहेत. घराच्या छपरावर प्लास्टिक टाकत होता. आम्ही नाव सांगितले, त्या सामन्याची आठवण दिली आणि म्हटले, "तुमचा हात लागला होता. आम्ही पाहिलं होतं. खोटा निकाल दिला."

तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "निकालाचं काही नाही, दादा. खेळात व्हतंच. पण तुमच्यातल्या एकानं आमच्या जातीचं नाव घेऊन हाड म्हटलं. जेवाया थांबणार होतो आमी. मग नाय थांबलो."

ते आम्ही ऐकले नव्हते. किंवा ऐकले असेल आणि विसरलो असू. एवढी वर्षे आम्ही बोटांवरची फक्की लक्षात ठेवली होती, त्याने शब्द लक्षात ठेवला होता. ढाल आणून देतो, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "ढाल काय करू? घरात पाणी गळतंय." आम्ही दोघांनी मिळून प्लास्टिकची दुसरी बाजू ओढून बांधली. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. माफ केले, असे तो म्हणाला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

परत आल्यावर आम्ही विहारात सगळ्यांसमोर हे सांगितले. काहींना राग आला. "आपलीच नाचक्की कशाला?" असे म्हणाले. त्यांना आम्ही एवढेच म्हणालो, की अन्याय सोसला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. तसे असते तर बाबासाहेबांना आपल्याला बावीस प्रतिज्ञा द्याव्या लागल्या नसत्या. न्यायी होणे हे रोज करायचे काम आहे. पंचशील रोज घ्यायचे असते, तसे.

बोलाचाली झाली, पण शेवटी तीन गोष्टी ठरल्या. यापुढे जयंतीच्या कोणत्याही सामन्यात एक पंच आपला, एक समोरच्या संघाच्या गावचा आणि एक बाहेरचा. निकाल मान्य नसेल तर संघनायकाला एकदा दाद मागता येईल आणि तिघे पंच बाजूला जाऊन त्याचा विचार करतील. आणि हरलेला संघ आधी जेवायला बसेल, जिंकलेला नंतर. ही तिसरी सूचना त्याच आजींची.

कुस्तीची चर्चा अजूनही होते. पोरे अजून चित्रण थांबवून खांदा पाहतात. पाहू दे. पण आम्ही त्यांना सांगतो, बाळांनो, एकदा ज्याच्या बाजूचे आहात त्याच्या डोळ्यांनी पाहा आणि एकदा समोरच्याच्या डोळ्यांनी पाहा. दोन्ही वेळा खांदा सारखाच दिसला, तर मग बोला.

जयभीम.